उंदरांत तरी

सांगली-मिरजेकडच्या लग्नांत असा एक जण हटकून भेटतो. ‘बेंगळुरूला असतो’ म्हटल्यावर मुलीकडचे खुर्ची पुढे सरकवतात. आयटीत का? नाही, फार्माकॉलॉजीत पीएच.डी. करतो. म्हणजे रोज काय करता? उंदरांना औषध देतो. खुर्ची तशीच राहते, पण दुसरा लाडू काही येत नाही.

त्याचा विषय जांभळाच्या बिया आणि मधुमेह. आजी म्हणते, “एवढ्यासाठी बेंगळुरू? मला विचारायचंस.” तो दमानं सांगतो की, आजीचं म्हणणं सिद्ध करायला आधी उंदराला मधुमेह व्हावा लागतो. त्यासाठी स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये ऐन वेळी विरघळवून तडक टोचायचं; मीटर टाकायला सांगितलेल्या रिक्षावाल्यासारखं ते मिनिटांत फिरतं. त्यानं इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरतात. मरताना त्या साठलेलं इन्सुलिन सोडतात, म्हणून पहिल्या रात्री उंदीर दगावू नये यासाठी त्याला ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. “आधी रोग करायचा, मग औषध द्यायचं,” आजी म्हणते, “यात नवीन काय?”

उंदरांचा थाट मात्र बघण्यासारखा. तापमान 22 अंशांच्या आसपास, 12 तास उजेड, 12 तास अंधार, पिंजऱ्यात ताजा भुसा. गटात सहाच उंदीर का, याचंही उत्तर प्राण्यांच्या एथिक्स कमिटीला द्यावं लागतं, आणि कमिटीवर सरकारनं नेमलेला बाहेरचा माणूस असतो. हा स्वतः पीजीत, एका खोलीत चौघं, रात्री दोनपर्यंत ट्यूबलाइट. तिथं पाहणीला कुणी येत नाही.

28 दिवस रोज ठरल्या वेळी तोंडावाटे डोस. त्याला रविवार नाही, सण नाही. आई म्हणते, गणपतीला ये. हा म्हणतो, वाहनाला डोस आहे.

1990 च्या दशकात बेंगळुरूत म्हणे रात्री दारं ठोठावणारी एक चेटकीण फिरायची. तिला चकवायला लोक दारावर ‘नाळे बा’, उद्या ये, असं लिहून ठेवत. ती रोज वाचून परत जायची. गाइडच्या केबिनवर तशी पाटी नाही. हा थिसिसचं चौथं प्रकरण घेऊन जातो आणि पाटीविनाच परततो.

एवढ्या वर्षांत त्याला सरळ मत देता येईनासं झालंय. गांधी बाजारातल्या विद्यार्थी भवनचा डोसा कसा वाटला? “एकच खाल्लाय, काय सांगणार? आणि कंट्रोल कुठाय?” फक्त ‘पाल्याचे अर्क काढून काय होतं’ म्हटलं की पेटतो. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, तीनच वर्षांत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं निघालं आणि जगभर गेलं. “आणि तेही माणसांत,” एवढं तो हळूच म्हणतो.

परवा एका लग्नात मावशीनं त्याला गाठलंच. बिया घेऊ का रे? साखर उतरते ना?

“उतरते. उंदरांत तरी.”

“मग मी किती घेऊ?”

“तसं सांगता येत नाही, मावशी. उंदराचा डोस किलोमागं असतो. माणसाला लावताना तो साधारण सहानं भागायचा, मग वजनानं गुणायचं. तुझं वजन किती?”

मावशी जिलबी घ्यायला निघून गेली.