ग्राहक घरीच होती

प्रति,
पार्सल न पोहोचल्याच्या कारणांची यादी लिहिणारे अज्ञात सॉफ्टवेअर अभियंता,
मुक्काम बहुधा एखाद्या काचेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.



सर्वप्रथम आभार. परवा संध्याकाळी तुमच्या ॲपने मला कळवलं की मी घरी नाही. मी तेव्हा घरीच होते, म्हणून ही बातमी मला अगदी घरबसल्या मिळाली. ‘पार्सल पोहोचवण्याचा प्रयत्न केला. ग्राहक उपलब्ध नाही.’ पुढे एक उदास चेहऱ्याचं चित्र. ते चित्र काढणाऱ्यालाही माझा नमस्कार सांगा.

मी तुमच्याच धंद्यातली आहे. कामतघरला राहते, कंपनी ऐरोलीत, आणि आठवड्यातले काही दिवस घरून कोड लिहिते. सकाळी आमचीही स्टँड-अप मीटिंग असते, तिच्यात सगळे बसलेले असतात. दुपारी वीज जाते, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर आणि मी फोनच्या हॉटस्पॉटवर. इमारतीत कोणाचंही व्हॉट्सॲप बंद पडलं की ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून मला हाक येते; त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन. एवढ्या सगळ्यात मला एकच व्यसन आहे, खटके बदलता येणारे मेकॅनिकल कीबोर्ड. आईच्या मते लॅपटॉपला आधीच एक असताना दुसरा घेणं हा माज आहे. वडिलांना मात्र ते लगेच पटलं. ते आयुष्यभर यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. “सुटे भाग बदलता येतात ना? मग घे,” म्हणाले. खटखट ऐकू येणार म्हणून त्यांना जरा आनंदच झाला असावा.

तर तो मी मागवलेला कीबोर्ड. तुमच्याच नोंदीप्रमाणे तो पूर्ण्याजवळच्या गोदामात होता. पूर्णा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, तुमच्या नकाशावर तो एक ठिपका असेल. अंजूरफाट्याच्या पलीकडे, ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. माझ्या घरापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर. भिवंडीची ओळख तुम्हाला करून द्यायला नको म्हणा. देशातल्या कुठल्या कुठल्या गावात मागवलेल्या मिक्सरचा, चपलेचा, चार्जरचा प्रवास बघावा, मध्ये कुठेतरी भिवंडी येतेच. ज्यांनी आमचं गाव कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नाहीत, त्यांना ते देवाच्या नावासारखं पाठ झालंय. मुंबईच्या जकातीच्या अलीकडे, ग्रामपंचायतींच्या हद्दीत, आग्रा रोडला लागून आणि न्हावा-शेवा बंदराच्या आवाक्यात, म्हणून इथल्या भातखाचरांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. वाटलं, आता गोदामंही जातील. ती दुपटीने फुगली. दर राज्यात वेगळा साठा ठेवण्याची गरज उरली नाही, एकाच जागी सगळं कोंबलं तरी चालायला लागलं. आणि ती जागा कोणती, हे ठरलेलंच होतं.

त्या कोंबलेल्यातला माझा कीबोर्ड पूर्ण्याहून निघाला. ‘भिवंडीतून निघाले.’ मग ‘भिवंडीत पोहोचले.’ मग पुन्हा ‘भिवंडीतून निघाले.’ त्यानंतर नवी मुंबई. तिथे एक रात्र मुक्काम. मग काल्हेर, म्हणजे पूर्ण्याच्या एक पाऊल पलीकडे.

याबद्दल मी भांडणार नाही. सगळा माल आधी एका ठिकाणी न्यायचा, तिथे वर्गवारी करायची, मग पाय फुटल्यासारखा चहूकडे सोडायचा, हे गणित मला कळतं. अमेरिकेत फेडएक्सने 1973 साली हाच उद्योग मेम्फिसमध्ये सुरू केला, आणि शेजारच्या गावाचं पाकीटही रातोरात मेम्फिसला जाऊन परत येऊ लागलं. पाकिटाला लाज नसते, डिझेल स्वस्त पडतं, हिशेब जुळतो. चालू द्या. फक्त एक माणूस आठवतो. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 ला लागू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची कामगिरी. पहिल्या तीन आकड्यांत टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो. तुमच्या गोदामाचा पिनकोड 421 ने सुरू होतो आणि माझ्या घराचाही. उपग्रह नाही, ॲप नाही, उदास चेहरा नाही. संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या गृहस्थाला जे कागदावर दिसलं, ते तुमच्या सर्व्हरांच्या फौजेला नवी मुंबईला मुक्काम केल्याशिवाय दिसत नाही.

असो. भांडणार नाही म्हटलं आणि भांडलेच.

खरी गोष्ट ती ‘उपलब्ध नाही’ची. त्या दिवशी मी मुद्दाम घरून काम घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दारापर्यंत एका उडीत पोहोचता येईल, एवढंच आमचं घर. दारावर कॅमेऱ्याची घंटी आहे, मीच लावलेली, कोणी आलं की वेळेसह चित्र साठवणारी. तिची त्या दिवसाची नोंद माझ्याकडे आहे: दूधवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, वाटीभर पुरणाच्या बदल्यात वाटीभर साखर मागणाऱ्या शेजारच्या काकू, गॅसच्या पुस्तकाचं विचारायला आलेला कोणी, एक मांजर, पुन्हा तेच मांजर. तुमचा माणूस नाही. शिवाय दुपारनंतर माझी आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून लसूण सोलत बसली होती. तिला मी तुमचा संदेश वाचून दाखवला. “घरी कोणी नव्हतं? मग मी काय मेले होते?” या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तक्रार विभागाने द्यायचं आहे, मला शक्य झालेलं नाही.

मी घंटीची सगळी नोंद वेळेसकट तुमच्या चॅटबॉटला पाठवली. आपल्या धंद्यात लॉग दिला की बोलणं संपतं, अशी माझी समजूत होती. चॅटबॉट म्हणाला, तुमची निराशा आम्ही समजू शकतो. मी म्हटलं, निराशा नाही, पुरावा आहे. तो म्हणाला, पुढच्या वेळी कृपया घरी उपलब्ध राहा.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. आणणारा मुलगा विशीतला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हेल्मेटची काच तडकलेली. आल्या आल्या म्हणाला, “साहेब आहेत का?” ग्राहक म्हणजे साहेब, हेही तुमच्याच यादीत असणार. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, दादा, काल आला होतास का? तो जरा गप्प झाला. मग खिशातला फोन काढून त्याने मला तुमचं काम दाखवलं.

तुमची यादी. पार्सल दिलं गेलं नाही, तर रायडरने कारण निवडायचं. ग्राहक उपलब्ध नाही. ग्राहकाने घेण्यास नकार दिला. पत्ता चुकीचा किंवा अपुरा. ग्राहकाने दुसरी तारीख मागितली. संपली. पाचवी ओळ नाही. आदल्या दिवशी तो काल्हेरहून निघाला आणि पूर्ण्याला अडकला. म्हणजे माझा कीबोर्ड ज्या गोदामातून निघाला होता, नवी मुंबई हिंडून साधारण त्याच गोदामाच्या फाटकासमोर कंटेनरांच्या रांगेत येऊन उभा राहिला. मेट्रोच्या खांबांनी अर्धा रस्ता खाल्लेला, उरलेल्या अर्ध्यात पावसाने केलेले खड्डे, त्यात एक ट्रेलर वळताना आडवा. अंधार पडला. पिशवीत अजून ढीगभर पार्सलं. काही न निवडता घरी जावं, तर ती सगळी त्याच्या नावावर ‘प्रयत्नच केला नाही’ म्हणून लागणार. मग त्याने बोट फिरवलं आणि रांगेत उभ्या उभ्या अख्खं कामतघर गैरहजर केलं.

“ताई, यात ट्रॅफिक नाहीये,” तो म्हणाला. “खूप शोधलं मी सुरुवातीला.”

साहेब, चारही कारणं पुन्हा वाचा. चारहींत दोषी एकच. मी घरी नव्हते, मी नको म्हटलं, मी पत्ता नीट दिला नाही, मी तारीख बदलली. तुमच्या विश्वात रस्ता नाही. पाऊस नाही. बंद लिफ्ट नाही. तुमच्या कंपनीची चूक तर नाहीच नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये महाराष्ट्राचा एवढा मोठा तालुका आहे, ज्यात लोक सतत वस्तू मागवतात आणि मग कुठेतरी निघून जातात. कोणीतरी वरिष्ठ दर महिन्याला तो आलेख भिंतीवर दाखवत असणार आणि म्हणत असणार, भिवंडीचा ग्राहक बेजबाबदार आहे.

बेजबाबदार कोण, ते मी सांगते. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला, नागपूर ते आमणे, 701 किलोमीटर. आमणे आमच्याच तालुक्यात. नागपूरहून आठ तासांत आमण्यापर्यंत पोहोचवायची घोषणा आहे, आणि आमण्यानंतर माणसाने काय करायचं याची घोषणा नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी 18 डिसेंबर 2018 ला कल्याणला झाली. मी अजून तिच्या खांबांच्या सावलीत रिक्षात बसते. 2020 मध्ये, करोनाच्या काळात, भिवंडी रोड स्थानकातून थेट गुवाहाटीजवळच्या आझऱ्यापर्यंत पार्सल गाड्या सुटू लागल्या. आसामला पार्सल जातं. छान आहे, जावं. त्याच पार्सलांनी भरलेले ट्रक आमच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस जातात, त्या रस्त्यांत खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत दुचाकीवरची माणसं पडून मरतात. दर पावसाळ्यात. चेष्टा नाही ही. त्या तडकलेल्या हेल्मेटच्या मुलाला उशीर झाला तर पैसे कापणार, खोटं बोलला तर कापणार नाही, आणि ही सोय तुम्ही केली आहे. तुम्ही त्याला खोटं बोलायला शिकवलं, त्याचं प्रशिक्षण दिलं, त्यासाठी एक छान गोल कोपऱ्यांचं बटण बनवलं.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना ॲप कळत नाही, माग कळतो. ते म्हणाले, आडवा धागा तुटला की साधा मागसुद्धा आपसूक थांबतो, धाग्याशिवाय पुढे कापड विणल्याचं नाटक करत नाही. मग विणकर येतो, कांडी बदलतो, चालू करतो. तुमचं यंत्र थांबतच नाही म्हणे. वर्षानुवर्षं त्या भोकांच्या ताग्यावर ‘उत्तम’ असा शिक्का मारत चाललंय.

आता जरा अहो-जाहो सोडते, कारण पुढचं एका टेबलावर बसणाऱ्याला बोलायचं आहे.

मित्रा, ती यादी तू ठरवली नसणार. मला माहीत आहे ती कशी ठरते. शुक्रवारी दुपारी तिकीट आलं असेल: ‘कारणांचा ड्रॉपडाउन जोडणे.’ अंदाज अर्ध्या दिवसाचा. सोबत एक्सेलची फाइल, तिच्यात चार ओळी. तू विचारलंही असशील, ट्रॅफिकचं काय? आणि मीटिंगमध्ये क्षणभर शांतता पसरली असेल. मग कोणीतरी अगदी गोड आवाजात म्हणालं असेल, ते कारण टाकलं तर त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा? प्रत्येक कारणाला एक खातं लागतं. विक्रेत्याच्या खात्यावर टाकलं तर विक्रेता ओरडतो, वाहतूकदाराच्या टाकलं तर कंत्राट काढून दाखवतो, कंपनीच्या टाकलं तर तिमाहीचा आकडा बिघडतो. रस्त्याचं खातंच नाही. त्या मीटिंगमध्ये ज्याची खुर्ची नव्हती असा एकच माणूस, तो म्हणजे मी. म्हणून मी घरी नव्हते. तू ‘ओके’ लिहिलंस, कारण पुढच्या सोमवारी तुला दुसरं तिकीट होतं, घरी कर्ज होतं, आणि नोकरकपातीची मेल कधी येईल याचा नेम नव्हता. तू काय करणार होतास? खुर्चीवर उभा राहून राजीनामा देणार होतास, एका ड्रॉपडाउनसाठी?

पण आता पत्र आलंच आहे तर पाचवी ओळ घाल. ‘रस्ता बंद.’ फार तर सहावी: ‘लिफ्ट बंद, वीज गेली.’ सातवी मी सुचवत नाही, कारण ‘अंजूरफाटा’ एवढंच लिहिलं तरी आमच्याकडे सगळ्यांना कळेल, पण तुमच्या ऑडिटरला कळणार नाही. खातं कोणाचं हे विचारणाऱ्याला सांग, आधी मोजू तर दे. पिनकोडनुसार, तासानुसार, खड्ड्यानुसार मोजू दे. तो आलेख भिंतीवर लागला की खात्याचं बघता येईल, महानगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंत कोणाकडेही तो पाठवता येईल. इतका डेटा त्यांच्याकडेही नसणार.

आणि एक चाचणी मात्र लिहिशीलच. रायडरने ‘रस्ता बंद’ निवडलं, तर त्या दिवसाच्या त्याच्या पैशांतून एक रुपयाही कापला जाता कामा नये. ही चाचणी नापास झाली तर ते बटण लाइव्ह करू नकोस.

कळावे, लोभ असावा,
कामतघरची एक ग्राहक