डोळ्यातला अनुस्वार

चष्म्याचा नंबर उणे नऊ असलेल्या माणसाने चष्मा काढला की त्याचं जग नाकापासून अकरा सेंटिमीटरवर संपतं. अर्धी वीत. त्यापलीकडे नुसता रंगांचा काला. पण त्या अर्ध्या वितीत जे येईल ते इतकं स्वच्छ आणि सविस्तर दिसतं की धडधाकट डोळ्यांच्या लोकांना त्याची कल्पना यायची नाही. मी हयातभर छापखान्यांतून मुद्रितं तपासली ती या अर्ध्या वितीच्या बळावर. चष्मा कपाळावर सरकवून गॅली नाकाशी नेली की कागदाचे तंतू दिसत, खिळा जरा जास्त दाबला गेला असेल तर अक्षराच्या कडेला उमटलेली शाईची झालर दिसे. हे वाचताहेत की वास घेताहेत, असं नवी मुलं एकमेकांना विचारत. दूरच्या जगाचं आणि माझं मात्र कधी जमलं नाही. लक्ष्मी रोडवर समोरून येणारे सोयरेधायरे मला चष्म्यातूनही उशिराच ओळखू येत, आणि तोवर ते मला शिष्ट ठरवून पुढे गेलेले असत.

मोतीबिंदू काढायची वेळ आली तेव्हा कळलं की आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवून घेता येतो. चष्म्याशिवाय दूरचं दिसायला हवं की जवळचं, असं डॉक्टरांनी विचारलं. खरं तर हा प्रश्न विधात्याने जन्माआधी विचारायचा. मी विचारात पडलो, एवढ्यात शेजारून उत्तर आलं, "दूरचं." ही डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "जवळचं यांनी पुष्कळ पाहिलंय."

डोळ्यात परकी वस्तू राहू शकते हे माणसाला कळलं तेही मोठं विचित्र रीतीने. दुसऱ्या महायुद्धात विमानांची छतं फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्या पारदर्शक प्लास्टिकचे कण घुसले, आणि लंडनच्या हॅरॉल्ड रिडली नावाच्या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आलं, की हे आगंतुक कण डोळ्याने निमूट ठेवून घेतले आहेत. 29 नोव्हेंबर 1949 रोजी त्याने त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आमच्या आजीच्या डोळ्यांपर्यंत ते पोचायला मात्र फार वर्षं लागली असती. तिचा मोतीबिंदू मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात काढला, तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला हलू न देता निजवून ठेवलं होतं. भिंग काढलं ते काढलं, त्या जागी काहीच नाही. मग अधिक दहा नंबरचा तो जाडजूड चष्मा आला. त्यामागे तिचे डोळे एवढे मोठे दिसत की ती आमच्याकडे कायम नवल वाटल्यासारखी बघे. त्या चष्म्यातून वस्तू मोठ्या आणि म्हणून जवळ दिसत. चहा ओतताना तो कपाच्या अलीकडेच पडायचा. आम्ही नातवंडंही तिला सव्वापट दिसत असणार, कारण खाऊ ती त्याच मापाने देई.

माझं सगळं सुटसुटीत झालं. ध्वनिलहरींनी जुनं भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतलं, घडी घातलेलं नवं भिंग आत जाऊन उलगडलं, टाका नाही की वाळूची पिशवी नाही. नंतरचं जगणं तेवढं थेंबांच्या वेळापत्रकावर चाललं. डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, चोळायचं नाही. काळा गॉगल लावून मी गॅलरीत बसे आणि समोरच्या इमारतीतले लोक मला पाहून आवाज खाली आणत.

एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, तो काळ मला सगळ्यांत आवडला. नव्या डोळ्याने पाहिलं की ट्यूबलाइट चुन्यासारखी पांढरी, जुन्याने पाहिलं की तीच दिव्याच्या जुन्या तेलासारखी पिवळी. वयाबरोबर भिंग पिवळं होत जातं, निळा रंग गाळत राहतं, आणि ते इतक्या सावकाश घडतं की आपल्याला पत्ता लागत नाही. चित्रकार मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया 1923 साली झाली, आणि जग फार निळं दिसतं म्हणून ते वैतागले. माझी अडचण त्याहून लहान होती. कपाटातली पुस्तकं पिवळी पडलीत ती काळाने, की मीच तेवढी वर्षं त्यांच्यावर पिवळं ओतत होतो, हे एकेक डोळा मिटून तपासत बसायचो. हिशेब साधारण निम्मानिम्मा निघाला.

दोन्ही डोळे झाल्यावर मात्र अर्धी वीत गेली. आता येणाऱ्या बसचा नंबर वाचता येतो, लक्ष्मी रोडवरचे सोयरे कोपऱ्यापासून ओळखू येतात आणि पोचेपर्यंत हसू धरून ठेवावं लागतं. पण हातातलं पुस्तक चष्म्याशिवाय धूसर. गॅली नाकाला लावली तर राखाडी ढग. रात्री चष्मा काढून, पुस्तक तोंडावर घेऊन, त्यातच झोप लागायची ती चैन संपली. तक्रार कुणाकडे करणार? सगळे अभिनंदन करत होते.

काही काळाने दूरचंही पुन्हा पुसट व्हायला लागलं. बसवलेलं भिंग खराब झालं असावं असं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, मागचा पडदा गढूळ झालाय. भिंगाभोवती एक पातळ पिशवी असते. जुनं भिंग काढतात तेव्हा पिशवी ठेवतात, तीतच नवं बसवतात. त्या पिशवीच्या कडेला जुन्या भिंगाच्या थोड्या पेशी उरतात आणि त्या हळूहळू मागच्या बाजूला पसरत जातात. काही वेळा त्यांचे फुगीर, पारदर्शक गोळे होतात. नेत्रतज्ज्ञ त्यांना एल्श्निगचे मोती म्हणतात. भिंग बनवणं हेच त्यांचं जन्माचं काम. ते भिंग कधीच मोडीत गेलं हे त्यांना कुणी कळवलेलं नसतं. हे ऐकताना मला आमच्या छापखान्यातले म्हातारे कंपोझिटर आठवले. खिळे गेले, संगणक आले, तरी ते रोज दहाला यायचे, रिकाम्या केसेसपुढे स्टूल ओढून बसायचे आणि उरलेसुरले खिळे आपापल्या घरात टाकत राहायचे. मालक त्यांना काही म्हणत नसत. चहा तेवढा पाठवत.

डोळ्यात अशी गय करता येत नाही. याग लेसरसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, हनुवटी टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं. लाल ठिपके दिसले, टिक टिक असा बारीक आवाज झाला आणि पडद्याच्या मधोमध खिडकी पडली. दुखलं काहीच नाही. पट्टीही नाही. बाहेर आलो तर भर दुपारचं ऊन सगळंच्या सगळं डोळ्यात शिरत होतं. रिक्षावाल्याने चेहरा पाहून आपणहून विचारलं, घरचं कोणी गेलं का?

फुटलेल्या पडद्याचे कण काही दिवस डोळ्यात तरंगतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इतरांना ते माशीसारखे दिसतात म्हणे. मला ते अनुस्वारासारखे दिसायला लागले. शेतीच्या मासिकात खतावरचा लेख वाचत होतो, तर एक ठिपका अलगद 'ख'वर उतरला आणि लेखाला खंत लागली. पान उलटलं, ठिपका पुढच्या पानावर आला. हातात लाल पेन घेतलं की तो उडे, पेन ठेवलं की येऊन बसे.

पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा सहा मीटरवरच्या तक्त्याची शेवटची ओळ मी न अडखळता वाचली. मग नजर तशीच शेजारच्या फलकावर गेली. 'कृपया शातंता राखा'. इतक्या लांबून चूक पकडण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिलाच.

"डॉक्टर, तो अनुस्वार चुकून 'त'वर पडलाय."

डॉक्टरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "काका, डोळे जरा डावीउजवीकडे फिरवा. हलतो का तो?"

मी फिरवले. "नाही."

"मग तो आमच्या पेंटरचा," असं म्हणून त्यांनी कागदावर सहा छेद सहा लिहिलं. मी खिशातून जवळचा चष्मा काढून तेवढं एकदा तपासून घेतलं.