लेकराच्या शिक्षणासाठी

एप्रिल लागला की हिंगोलीत दोन गोष्टींची आवक वाढते. मोंढ्यात हळदीची आणि गल्लीबोळांत भाड्याचं घर बघणाऱ्या बापांची. हळदीचा सौदा संध्याकाळपर्यंत उरकतो. बापाचा मात्र जून उजाडला तरी उरकत नाही, कारण त्याला नुसतं घर पुरत नाही. त्याला 'लेकराच्या शिक्षणासाठी चांगला एरिया' पाहिजे असतो.

या बापांतला सगळ्यात पक्का नमुना म्हणजे जिल्हा परिषदेचे गुरुजी. नाव कोणतंही घाला, फरक पडत नाही. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात शाळा, मोटारसायकलच्या हँडलला हेल्मेट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. पोरगं दुसरी पास झालं की गुरुजींना गाव अचानक मागासलेलं दिसू लागतं. मग रविवारी सकाळी आठला मेहुण्याला मागे बसवून ते हिंगोलीत दाखल होतात. सोबत दोनशे पानी वही. तिच्यात रकाने आखलेले : शाळा, व्हॅन, ट्यूशन, पाणी, शेजार. शेजाराच्या रकान्याला दोन पोटरकाने.

गुरुजी आधी गल्ली तपासतात, घर नंतर. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात ते पारलेचा पुडा घेतात आणि विचारतात, "या लाईनीत नीटला कुणाचा नंबर लागला का?" लागला असेल तर त्या गल्लीपुढं फुली-गोळ्यातला गोळा. दोन पोरं एमबीबीएसला असतील तर भाडं परवडो न परवडो, गुरुजी घरमालकिणीच्या ओट्यावर बसलेच म्हणून समजा.

"काकू, शेजारी काय करतात?"

"तहसीलला कारकून हायत."

"लेकरं?"

"दोन. थोरलं औंदा दहावी झालं."

"टक्के?"

"सर, मी भाडं घेते, टक्के नाही घेत," काकू म्हणतात आणि मग मुलाखत उलटते. माणसं किती? पाहुणे किती येतात? वॉशिंग मशीन हाय का? मोटर कोण चालू करणार? सिद्धेश्वर धरणाचं पाणी नळाला येतं, पण काकूंच्या हौदात ते काकूंच्या मर्जीनं उतरतं. गुरुजी वहीत पाण्याचा रकाना भरतात. अक्षर सुंदर.

शहर गुरुजींना पाठ आहे. इथं निजामी काळात फौजेची छावणी होती. रिसाला बाजार, पलटन ही नावं तेव्हाची. त्या फौजेतल्या कुणी शाळा विचारून मुक्काम टाकला असेल असं वाटत नाही. पुढं १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर ऑफिस आलं, जिल्हा परिषद आली, त्यांच्यामागं नोकरदार आले आणि नोकरदारांमागं नगरं. गुरुजींना या नगरांतच राहायचंय. जुन्या बाजारात गलका फार. रामलीला मैदानाच्या आसपास नकोच, कारण दसऱ्याचं प्रदर्शन लागलं की पोरांचा अभ्यास बुडतो. खरं तर दसऱ्यात आकाशपाळण्याच्या रांगेत गुरुजी पोराच्याही पुढं उभे असतात, पण तो रकाना वहीत नाही.

औंढा रोडला प्लॉटवाला गाठ पडतो. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले, हे प्लॉटवाल्याला आईच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. "सर, शास्त्रज्ञांची लेकरं शिकायला कुठं जाणार? याच रोडला शाळा होणार. तुमचं पोरगं त्यांच्या बाकावर बसणार." गुरुजींच्या डोळ्यांपुढं पोरगा अमेरिकन पोराला पाढे शिकवताना दिसतो. समोर मात्र सोयाबीनचं रिकामं रान असतं.

शाळेची निवड हा आणखी वेगळा सोहळा. गुरुजींना 'इंटरनॅशनल' चालतं, 'सीबीएसई पॅटर्न' तर फारच चालतं. पॅटर्न म्हणजे नेमकं काय, ते कुणी विचारत नाही. ते ऑफिसात बसतात, फीचा कागद घेतात, पिवळ्या बसेस मोजतात, टाय आणि बेल्ट हाताळून बघतात. वर्गात मात्र डोकावत नाहीत. केंद्रप्रमुखांची भेट असली की आपल्या शाळेत काय पुढं मांडायचं आणि काय कपाटात सारायचं, हे त्यांना पंधरा वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलंय. त्यामुळं दुसऱ्याच्या शाळेत ते तेवढंच बघतात, जेवढं दाखवलं जातं. व्यवसायातला शिष्टाचार म्हणा.

आता गुरुजींची स्वतःची शाळा बघा. पाडव्याला पट वाढवायची फेरी निघते तेव्हा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. "खाजगी शाळांच्या जाहिरातींना भुलू नका!" हे ते पोटतिडकीनं सांगतात आणि त्यात खोटं काही नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, कोण अतिरिक्त होईल, याची धास्ती त्यांना रोज असते. अशा फेरीत पारावरची एखादी म्हातारी विचारतेच, "गुरुजी, तुमचं लेकरू कोण्या शाळंत हाय?" गुरुजी चष्मा पुसतात. "त्याच्या आईची इच्छा होती, आज्जी."

कागदावरचा मामला तर याहून रंगतदार. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहतात असा ग्रामसभेचा ठराव गुरुजींच्या फायलीत आहे. म्हणजे कागदावर ते गावात सुखानं नांदतात आणि हिंगोलीत जो रात्री जेवतो, तो कुणी दुसराच असावा.

पण नियतीही नियमावली वाचते. पोरगं पाचवीला गेलं आणि गुरुजींना वसमतच्या नवोदय विद्यालयाचा फॉर्म आठवला. ऐंशी जागा, राहणं-खाणं-शिकणं फुकट. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. आणि तिसरी ते पाचवी या काळात शहरातल्या शाळेत एक दिवस जरी बसलं, तरी लेकरू शहरी धरलं जातं. तीन वर्षं व्हॅनचं भाडं भरून गुरुजींनी स्वतःच्या हातानं ग्रामीण जागा घालवली होती. त्या रात्री त्यांनी लाल पेनानं वहीतल्या सगळ्या गोळ्यांवर फुल्या मारल्या.

थोरल्याचं गेलं, आता धाकटी आहे. यंदाच्या एप्रिलमध्ये गुरुजी पुन्हा फिरतायत. अट फक्त उलटली आहे : घर शहराला चिकटून पाहिजे, पण शाळा शहरातली नको. बळसोंड शहराला लागूनच, पण कारभार ग्रामपंचायतीचा, हे कळल्यापासून त्यांची मोटारसायकल आपोआप तिकडंच वळते. दहावीनंतर शिकवणीला लातूर, निदान नांदेड, हेही वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय.

यातली गंमत अशी की हा माणूस शिक्षक म्हणून अव्वल आहे. त्यांच्या तिसरीच्या वर्गात मी एकदा बसलो होतो. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुड्या समोर. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे. गुरुजींनी एक पुडी सोडायला लावली, पोरांनी चिंचोके मोजले, आणि मागच्या रांगेतली पोरगी ओरडली, "दशकाची एक पुडी कमी झाली, गुरुजी!" हातचा असा उलगडून दाखवणारा मास्तर हिंगोलीतल्या कोणत्याही एरियात भाड्यानं मिळत नाही. गुरुजींचा स्वतःचा मुलगा मात्र वजाबाकीसाठी ट्यूशनला जातो, कारण बाप गावाहून परततो तेव्हा पोराचे डोळे मिटत असतात.

तेव्हा घर बघायला हिंगोलीला येणाऱ्यांनो, रकाने खुशाल आखा. पाणी बघा, शेजार बघा, बस बघा. पण शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर जा, चौथीतल्या कोणत्याही पोराला पुस्तकाचं मधलं पान उघडून वाचायला सांगा, आणि भाडेकरारावर सही करण्याआधी एक रकाना वाढवा : बाप संध्याकाळी किती वाजता घरी येणार. तो भरता आला नाही, तर एरिया कोणताही घेतलात तरी सारखाच.