बॉनेटवाले नाना

एरवी नानांना तीन हाका मारल्या तरी ऐकू येत नाही. पण पलीकडच्या गल्लीत कुणी गाडीचं बॉनेट उघडलं, की ते हातातला चहा टाकून निघतात. जवळ येऊन आधी नुसता वास घेतात. मग ठरलेला प्रश्न: "चालता चालता गेली, की उभी केल्यावर रुसली?"

प्रश्न अगदी बिनचूक आहे. कार्बोरेटरच्या गाडीचं निम्मं निदान त्यातच होतं. तापलेली गाडी बंद केली की पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची सगळी धग कार्बोरेटरवर चढते. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि नको तेवढं खाली मॅनिफोल्डमध्ये उतरतं. अशा वेळी मालक घाबरून चोक ओढतो आणि ॲक्सिलरेटर पंप करतो, म्हणजे अजीर्ण झालेल्याला वर दोन लाडू भरवतो. नाना ओरडतात, "चोक आत ढकल! पाय तळाशी दाबून धर, हलवू नकोस. आता मार सेल्फ!"

चालता चालता गेली असेल तर नानांचा संशय एसी पंपावर. गार हवेशी याचा काही संबंध नाही. इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या पेट्रोलच्या पंपाला मेकॅनिक मंडळी एसी पंप म्हणतात. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. त्यासाठी नानांच्या डिक्कीत एक पंचा कायम असतो. तो भिजवून पंपावर ठेवायचा. घरात कुणाला त्याला हात लावायची परवानगी नाही.

पण नुसत्या पेट्रोलवर आरोप ठेवून मोकळे होतील ते नाना कसले? तापल्यावर कॉइलही दगा देते, कंडेन्सरही देतो. म्हणून करंट बघायचा. प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं आणि सेल्फ मारायचा. ठिणगी निळी, चटचटीत पडली तर कॉइल निर्दोष. पिवळी, मरगळलेली असली तर चौकशी पुढे चालू. वायर धरण्याचा मान नाना नेहमी दुसऱ्याला देतात. परवा बँकेतल्या एका सज्जनांनी धरली आणि ते हातभर मागे उडाले. "करंट उत्तम आहे," नाना म्हणाले.

सिग्नलला थांबलं की बंद पडते? स्लो जेटमध्ये कचरा. जेट काढून फुंकायचा. तार घालणाऱ्याला नाना पुन्हा तोंड दाखवत नाहीत. हायवेला दम तोडते? टाकीचं झाकण उघडून फुस्स आवाज येतो का ऐकायचं. झाकणाचं बारीक भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, मग पेट्रोल तरी कसं बाहेर येणार!

एवढं सगळं सांगून होईस्तोवर अर्धा तास उलटलेला असतो. तेवढ्यात वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, सांडलेलं पेट्रोल उडून जातं, कॉइल शुद्धीवर येते आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. त्या क्षणी जो उपाय चालू असेल त्याच्या नावावर नाना ती केस लिहून टाकतात. एकदा तर ते नुसते टायरवर टिचक्या मारत होते.

स्वतःकडे १,०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, नाना खचतील. नानांनी नाक मुरडलं. "सीएनजीवर चालायच्या शेवटी शेवटी. त्यात उकळायला काय होतं?"

ही पद्मिनी वाटेत रुसली, की नाना बॉनेटखाली जातात आणि आपल्याच गाडीला तो पहिला प्रश्न विचारतात. काकू पुढच्या सीटवर शांत बसून असतात. मांडीवर ताट, शेजारी पिशवी. गेल्या हिवाळ्यात वाईच्या रस्त्यावर मी मदतीला थांबलो, मेकॅनिक बोलावू का म्हणालो.

"छे रे," काकू शेंग सोलत म्हणाल्या, "अर्धा किलो मटार झाले की होते सुरू."