वर्षअखेरीची घसरगुंडी

धाराशिवचे एक सुखवस्तू कुटुंब यंदा डिसेंबरअखेर बर्फावर घसरायला जपानला, होक्काइदो बेटावरच्या निसेकोला निघाले आहे. जिल्ह्याच्या वतीने अभिनंदन. नळाला पाणी येण्याचा वार तोंडपाठ असलेल्या माणसांनी गोठलेले पाणी बघायला समुद्रापार जावे, याहून मोठी जलसाक्षरता कोणती?

अडचण एवढीच, की सगळ्यांना सारखे घसरता येत नाही. मेव्हणे एकदा मनालीला जाऊन आलेत, म्हणून ते तज्ज्ञ. काकूंचे गुडघे दुखतात. जपान्यांनी यासाठी उतारांनाच रंग दिलेत: नवशिक्यांना हिरवा, मधल्यांना लाल, निष्णातांना काळा. कल्पना बरी आहे, पण आपल्या पुरवठा खात्याकडे पिवळे, केशरी आणि पांढरे कार्ड केव्हापासून आहे. पांढऱ्याने शिखरावरून सुटावे. पिवळा पायथ्याशीच असतो, त्याचा चढायचा त्रास वाचला.

एक नम्र दुरुस्ती मात्र सुचवतो. सरकारी वर्ष मार्चात संपते, जपानचेसुद्धा. सहल तेव्हाच काढावी. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात बर्फ विनाव्हिसा थेट शिवारात आला होता. ज्वारी, गहू, द्राक्षबाग, कुठेही भेदभाव नाही. नवशिके आणि निष्णात एकाच दुपारी घसरले, तेही स्कीचे भाडे न भरता. वर कोण किती घसरला हे लिहून घ्यायला तलाठी बांधावर.

निसेकोत घसरल्यावर सहीशिक्क्याचा पंचनामा मिळतो का, एवढे काकूंनी बुकिंगआधी विचारून घ्यावे.