आय-डी-एल-वाय

आमच्या कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलाच्या पाटीवर आय-डी-एल-वाय अशी चार अक्षरं रंगवली आहेत. परवा नातवाने ती इंग्रजी माध्यमाच्या शिस्तीत ‘आयडली’ अशी वाचली आणि मोबाइलवर अर्थही काढला : काहीही न करता, रिकामपणी. “आजोबा, म्हणजे हे पैसे घेऊन काहीच करत नाहीत?” वीस मिनिटं आमच्या टेबलाकडे न फिरकलेला वेटर पाहता अर्थ अगदीच चुकला नव्हता.

हा इंग्रजी शब्द मात्र खानदानी. हजार वर्षांपूर्वी त्याचं मूळ रूप ‘ईडेल’सारखं उच्चारत. म्हणजे नातवापेक्षा हॉटेलवालाच मुळाला धरून आहे! अर्थही तेव्हा रिकामं, पोकळ असा होता. सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक या भिक्षूने बायबलच्या उत्पत्तिकथेचं इंग्रजी केलं, त्यात पृथ्वी आरंभी ‘ईडेल’ होती. (सातबारा निघायचा होता, दुसरं काय.) गंमत म्हणजे आजचा ‘एम्प्टी’ त्या काळी फुरसतीत असलेल्या माणसालाही लावत. पुढे दोन्ही शब्दांनी बिऱ्हाडं बदलली. आपल्याला तो खटाटोप करावा लागला नाही. ‘रिकामा’ डब्यालाही चालतो आणि जावयालाही.

‘आयडली’ या क्रियाविशेषणाची खरी चलती आहे ती नकारात. काही न करणारा कधी तसं कबूल करतो का? तो म्हणतो, आम्ही ‘आयडली’ उभे राहणार नाही! ऑगस्ट १९६९मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात दंगल पेटली. १३ तारखेला आयर्लंडचे पंतप्रधान जॅक लिंच टीव्हीवर म्हणाले, आता आमच्या सरकारला नुसतं उभं राहून बघता येणार नाही. ‘आयडली’ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. लोकांनी तो आपल्या पदरचा घातला आणि वाक्य तसंच लक्षात ठेवलं. लष्कर निघालं, सीमेच्या अलीकडे थांबलं आणि तिथे इस्पितळं थाटली. शहाणपणाचंच होतं म्हणा, पलीकडे ब्रिटनशी गाठ होती. पण उभं राहायचं ते राहिलंच.

इंग्रज हे सगळं उभ्याने करतो. आपण बैठकीतले. आपलं सरकार ‘स्वस्थ बसणार नाही’, विरोधक ‘हातावर हात ठेवून बसणार नाहीत’. गल्लीतला खड्डा तिसरा पावसाळा बघतोय म्हणून मी एका कचेरीत गेलो, तर साहेबांच्या वतीने शिपाई म्हणाला, “साहेब काही बसून नाहीत.” खरंच नव्हते. चहाला गेले होते.

त्या रात्री हिने उडीद-तांदूळ वाटून पातेलं ओट्यावर ठेवलं. सकाळी पिठाने झाकण उचललेलं होतं आणि एक ओघळ थेट शेगडीपर्यंत पोचला होता. नातू डोळे चोळत आला.

“आजी, हे रात्रभर काय करत होतं?”

“काही नाही रे,” ही म्हणाली, “नुसतं पडून होतं.”