आधी झटका, मग योजना

आयुष्मान भारत कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत. फक्त रुग्णालयात भरती व्हायला हवं. बीपीची रोजची गोळी मात्र त्यात बसत नाही. केमिस्टकडे स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या कापून मागणाऱ्या आजोबांचं कार्ड तिथे चालत नाही. गोळी सुटली, अर्धांगाचा झटका आला, की सरकार हजर! डिस्चार्जनंतर 15 दिवस औषधंही फुकट. सोळाव्या दिवसापासून बीपीने समजूतदारपणे वागावं.

गोळ्यांच्या दरांवर नियंत्रण आहे बरं का! सरकारच्या 2013च्या औषध दर आदेशानुसार अत्यावश्यक औषधाचा कमाल दर ठरतो तो बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्याच दरांची सरासरी काढून, वर विक्रेत्याचे 16 टक्के. लगाम घालायचा खरा, पण घोड्याला विचारून!